टक्के किती ते कळले. आता शिकवायचे काय?

जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घरी आले, की ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात, बहुधा निकाहनाम्याच्या आणि घराच्या कागदपत्रांच्या शेजारी ठेवले जाते. त्यावर एक आकडा असतो. पन्नास टक्के, पंचाहत्तर टक्के, नव्वद टक्के. घरातले सगळे तो आकडा पाहतात. दादी विचारते, ‘म्हणजे आपला बच्चा पाऊण गेला का?’ अब्बा काही बोलत नाहीत. अम्मी एवढेच विचारते, ‘मग आता त्याला शिकवायचे काय?’

या तिघांपैकी फक्त अम्मीचा प्रश्न बरोबर आहे, आणि नेमके त्याचेच उत्तर त्या कागदावर नसते. या लेखात आम्ही त्याच प्रश्नाच्या मागे जाणार आहोत. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या तपासण्या होतात, गुण लागतात, फाइली जाड होतात. पण त्या गुणांवरून सोमवारी सकाळी या एका मुलाला नेमके काय शिकवायचे, हे ठरवणारी घरे आणि शाळा फार थोड्या आहेत. विशेष शिक्षकांशी आणि अशा मुलांच्या आयांशी बोलताना आम्हाला हे पुन्हा पुन्हा जाणवले आहे.

आधी त्या टक्क्यांचा उलगडा करू. प्रमाणपत्रावरचा टक्का हा सवलतींसाठी असतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ मध्ये एकवीस प्रकारची दिव्यांगता मानली आहे (१९९५च्या जुन्या कायद्यात सातच होती). चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगता असली, की कायद्यातले बरेच हक्क आणि योजना लागू होतात. तो आकडा कोणत्या योजनेचे दार उघडते, एवढेच सांगतो. मूल किती ‘उरले’ हे तो सांगत नाही. पंचाहत्तर टक्के असलेला एक मुलगा दुकानातून पाव आणून सुटे पैसे परत देतो, आणि तेवढेच टक्के असलेला दुसरा स्वतःच्या हाताने घास घेत नाही. म्हणून प्रमाणपत्र कढवून घ्यावे, यूडीआयडी कार्ड काढावे, लाजू नये. बहिणींची स्थळे अडतील या भीतीने प्रमाणपत्रच न काढणारी घरे आपल्यात आहेत, आणि त्याची किंमत ते मूल मोजते. पण शिकवण्यासाठी वेगळी मोजदाद लागते.

बेरीज फसवते

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी आपल्या देशात बनवलेल्या चांगल्या तपासणी-याद्या आहेत, ही गोष्ट पालकांपर्यंत पोहोचतच नाही. बुद्ध्यांकाच्या चाचण्यांत बिने-कामत चाचणीचे नाव अनेकांनी ऐकले असेल. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ साली धारवाडकडच्या मराठी आणि कानडी मुलांवर ती बसवली. पण बुद्ध्यांक शिक्षकाला फारसा उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतात त्या कौशल्यांच्या याद्या. मद्रासमध्ये तयार झालेल्या एमडीपीएस या यादीत अठरा विभाग आणि प्रत्येकात वीस कामे, म्हणजे ३६० कामे आहेत. जमते ते एका रंगाने, जमत नाही ते दुसऱ्या रंगाने रंगवतात आणि ठरावीक काळाने तोच तक्ता पुन्हा काढून किती चौकोनांचा रंग बदलला ते पाहतात. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आजच्या एनआयईपीआयडीने, एफएसीपी आणि बेसिक-एमआर या याद्या केल्या. शाळेने यांपैकी कोणती वापरली याला फार महत्त्व नाही. ती वाचायची कशी, हे महत्त्वाचे.

बेसिक-एमआरचेच उदाहरण घेऊ. तिच्या पहिल्या भागात सात विभाग आहेत: हालचाल, रोजची स्वतःची कामे, भाषा, लिहिणे-वाचणे, अंक व वेळ, घरातले व समाजातले वागणे, आणि कामधंद्याची पूर्वतयारी व पैसे. प्रत्येक विभागात चाळीस कामे. प्रत्येक कामाला शून्य ते पाच गुण. मूल स्वतःहून करत असेल तर पाच, खुणेने आठवण दिली की करत असेल तर चार, तोंडी सांगावे लागत असेल तर तीन, हात धरून करवून घ्यावे लागत असेल तर दोन, पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून असेल तर एक, आणि ते काम त्या मुलाला लागूच होत नसेल तर शून्य. एका विभागाचे जास्तीत जास्त गुण दोनशे.

आता दोन मुले मनात आणा. दोघांनाही ‘रोजची कामे’ या विभागात १२० गुण मिळाले. पहिल्या मुलाची चाळीसही कामे ‘तोंडी सांगावे लागते’ या पायरीवर आहेत: चाळीस गुणिले तीन, एकशेवीस. दुसऱ्या मुलाला वीस कामे स्वतःहून येतात, त्याचे शंभर. उरलेल्या वीस कामांत तो पूर्ण अवलंबून आहे, त्याचे वीस. तेही एकशेवीस. प्रगतिपुस्तकावर दोघे सारखे. प्रत्यक्षात पहिल्याला नवीन काही शिकवायची गरजच नाही. त्याला सगळे येते, पण घरात कोणीतरी सतत ‘बाळा, आता बटण लाव, आता चप्पल घाल’ म्हणत असते आणि तो त्या आवाजाची वाट पाहत बसतो. त्याच्या आराखड्यात एकच गोष्ट हवी: बोलणे कमी करणे. दुसऱ्याला मात्र वीस नवी कामे अगदी पहिल्या पायरीपासून शिकवायची आहेत, आणि त्यातली कोणती आधी, हे निवडायचे आहे. बेरीज पाहून दोघांना एकाच गटात बसवले, तर वर्ष दोघांचेही वाया जाते.

म्हणून आमची पालकांना पहिली विनंती अशी, की शाळेत गेल्यावर ‘किती गुण पडले?’ असे विचारूच नका. ती पूर्ण भरलेली यादी दाखवायला सांगा. प्रत ठेवायला मिळाली तर उत्तम. प्रत्येक कामापुढचा आकडा पाहा आणि तीन व चार गुणांच्या कामांखाली पेन्सिलीने रेघ मारा. ही कामे जवळजवळ आलेली आहेत. पुढच्या तीन महिन्यांची उद्दिष्टे बहुतेक इथूनच निघतात. एकवर असलेल्या कामाला एकदम हात घातला, की मूलही थकते आणि आईही.

आकडा कुठल्या भाषेतला?

आता जी गोष्ट सांगतो, ती आपल्या घरांना खास लागू आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या मुस्लिम घरांत बोली एक नसते. मराठवाड्यात दखनी, कोकणात कोकणी, मालेगाव-भिवंडीत उर्दूच्या अनेक तऱ्हा, आणि कितीतरी घरांत सरळ मराठी. तपासणी करणारे मात्र बहुधा प्रमाण मराठीत किंवा हिंदीत विचारतात. ‘कंगवा दाखव’ म्हटल्यावर घरी ‘कंघी’ ऐकणारे मूल गप्प राहते. ‘बशी कुठली?’ याला घरी ‘तश्तरी’ म्हणणारा मुलगा तोंड पाहत बसतो. सर्वसाधारण मूल अंदाजाने उत्तर देते. ज्याला आधीच भाषा जड जाते त्याला तो अंदाज बांधता येत नाही. यादीत नोंद होते: ‘ओळखीच्या वस्तू दाखवता येत नाहीत.’ आणि वर्षभर शाळेत त्याला कंगवा आणि बशी शिकवले जाते, जे त्याला मुळात येत होते.

हा दोष मुलाचा नाही, आणि तपासणाऱ्याच्या मनात काही वाईट असते असेही नाही. उपाय घरूनच करता येतो. तपासणीला जाताना एका कागदावर मूल घरी जे शब्द वापरते ते लिहून न्यावेत: पाणी, भूक, शू, दुखणे, खाण्याचे पदार्थ, अंगावरचे कपडे, घरातली माणसे. मूल बोलतच नसेल तर त्याच्या खुणा लिहाव्यात. तपासणाऱ्याला विनंती करावी, की मराठीत विचारून जमले नाही तर हाच प्रश्न घरच्या शब्दात आम्हाला विचारू द्या, आणि तशी नोंद करा. ज्या चाचण्यांत बोलणे जवळजवळ लागतच नाही अशाही आहेत. सेगुइनच्या फळीत दहा लाकडी आकार आपापल्या खाचेत बसवायचे असतात. तिथे भाषा आडवी येत नाही. शाब्दिक चाचणीत फार मागे आणि फळीवर बरा, असे दिसले तर भाषेकडे आणि कानाकडे आधी पाहावे.

हो, कान. आराखड्याच्याही आधी कान आणि डोळे तपासलेले हवेत. वर्गात ‘मंद’ ठरलेल्या काही मुलांचे खरे दुखणे ऐकण्याचे असते. मुंबईत वांद्र्याला १९८३पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे; महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयांत कानाची तपासणी होते, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाडीत येतात तेव्हा मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नये. ‘आमच्या मुलाला नजर लागेल’ म्हणून ठेवणारी घरे आम्हाला ठाऊक आहेत.

वुजूच्या बारा पायऱ्या

नोंदीवरून शिकवणे म्हणजे काय, ते आपल्याच घरातल्या एका कामावर पाहू. मुलाला वुजू शिकवायचा आहे. वय दहा, बौद्धिक अक्षमता मध्यम, शाळेत जातो, जुम्याला अब्बांबरोबर मशिदीत जायची त्याला फार हौस. घरचे म्हणतात, ‘दोन वर्षे शिकवतोय, येत नाही.’

‘येत नाही’ हे वाक्य निरुपयोगी आहे. त्याचे तुकडे करायला हवेत. बाह्या वर करणे, नळ उघडणे, मनगटापर्यंत हात धुणे, गुळणी, नाकात पाणी, चेहरा, उजवा हात कोपरापर्यंत, डावा हात, डोक्याचा मसह, उजवा पाय, डावा पाय, नळ बंद करणे. या झाल्या बारा पायऱ्या. वहीच्या पानावर त्या उभ्या लिहायच्या आणि वर तारखा टाकायच्या. रोज एकाच वेळी, समजा असरला, मूल वुजू करील तेव्हा प्रत्येक पायरीपुढे एकच अक्षर: स्वतः केले तर ‘स्व’, खुणेने केले तर ‘खू’, सांगावे लागले तर ‘सां’, हात धरावा लागला तर ‘हा’. बस्स, दोन मिनिटांचे काम. पहिले तीन-चार दिवस काही शिकवायचे नाही, फक्त लिहायचे. आणि एक अट: प्रत्येक पायरीला मनात पाचपर्यंत मोजून मगच तोंड उघडायचे. ही अट पाळणे आईला मुलापेक्षा जड जाते.

चार दिवसांनी वहीत असे दिसले, समजा: सहा पायऱ्यांपुढे रोज ‘स्व’. म्हणजे अर्धा वुजू त्याला येतच होता, आणि ‘येत नाही’ म्हणणाऱ्या घराला ते ठाऊक नव्हते. दोन्ही हात धुताना ‘सां’, कारण तो धूतच राहतो. थांबायचे कधी ते त्याला कळत नाही. नळ बंद करायलाही ‘सां’. मसहला ‘खू’. गुळणी आणि नाकात पाणी इथे चारही दिवस ‘हा’, आणि बाजूला आईने लिहिलेले: ‘रडला.’

आता आराखडा आपोआप समोर येतो. वुजू शिकवायचा नाहीच; तीन वेगवेगळ्या गोष्टी शिकवायच्या आहेत. पहिली, तीनपर्यंत मोजून थांबणे. दुसरी, काम संपल्याची खूण ओळखणे, म्हणजे नळ. तिसरी, नाकातोंडात पाणी जाण्याची भीती. ही तिसरी बुद्धीची अडचणच नाही, आणि हात धरून करवून घेतल्याने ती वाढते.

इथे आपल्या फिकहनेच मोठी सोय करून ठेवली आहे. हनफी असोत की कोकणातले शाफई, गुळणी आणि नाकात पाणी घेणे हे वुजूत सुन्नत आहे, फर्ज नाही. तीन-तीन वेळा धुणेही सुन्नत. एकदा नीट धुणे फर्ज. चेहरा, कोपरापर्यंत हात, मसह आणि पाय हे फर्ज. म्हणजे आधी काय आणि नंतर काय, हा क्रम ठरवायला आपल्याला नवी पद्धत शोधायची गरज नाही. पहिल्या दोन महिन्यांत फर्ज पायऱ्या, एकेकदा, मदतीशिवाय. गुळणी-नाक तेवढे दिवस बाजूला. फक्त ओले बोट ओठाला आणि नाकाला लावण्यापर्यंत जायचे, तेही हसतखेळत. मुलाची समज फारच कमी असेल तर त्याच्यावर नमाजची जबाबदारी कितपत आहे, हे आपल्या आलिमांना विचारावे; शरियतने अशा जिवांना सवलत दिलेली आहे. सवलत आहे म्हणून शिकवूच नये असे मात्र कोणी म्हटलेले नाही.

दर आठवड्याला फक्त ‘स्व’ मोजायचे. सहा, सहा, सात, आठ. तो आकडा पानाच्या तळाशी. तीन आठवडे आकडा हलला नाही तर मुलावर चिडायचे नाही, पद्धत बदलायची. तोंडी ‘तीन वेळा’ कळत नसेल तर नळाजवळ तीन खडे ठेवा, एकदा धुतले की एक खडा वाटीत. आकडा खाली-वर उड्या मारत असेल तर दिवस पाहा: झोप कमी झाली होती का, फिट्सची गोळी बदलली का, घरात पाहुणे होते का. रमजानमध्ये सहेरीला घर जागे होते आणि अशा मुलाचे झोपेचे सगळे चक्र फिरते; त्या महिन्याच्या पानावर ‘रमजान’ असे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे आणि शाळेतही सांगावे. नाहीतर शिक्षक ‘मागे पडला’ अशी नोंद करतात, आणि ते चूक असते.

या वहीचा खरा उपयोग ती शाळेत नेल्यावर होतो. शाळेत त्याच मुलाच्या आराखड्यात ‘१ ते १० मोजणे’ असे उद्दिष्ट असते. घरच्या वहीने शिक्षकांना कळते, की तो दहापर्यंत तोंडपाठ म्हणतो पण तीनवर थांबू शकत नाही. म्हणजे त्याला अंक येत नाहीत, फक्त त्यांची चाल येते. मग उद्दिष्ट बदलते: ‘समोरच्या ढिगातून सांगितलेल्या १ ते ५ वस्तू, मदतीशिवाय, दहापैकी आठ वेळा बरोबर काढून देईल, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत.’ हे चांगले लिहिलेले उद्दिष्ट. त्यात काय करणार, कोणत्या परिस्थितीत, किती वेळा आणि कधीपर्यंत हे सगळे आहे, आणि झाले की नाही यावर वाद घालता येत नाही. ‘गणितात प्रगती करील’ हे उद्दिष्ट नव्हे, ती दुआ आहे. दुआ करावीच, पण ती आराखड्याच्या रकान्यात लिहू नये.

शाळा आणि घर यांच्या नोंदी जुळत नाहीत तेव्हा भांडण होते. बाई म्हणतात, ‘डबा स्वतः उघडून खातो.’ घरी म्हणतात, ‘शक्यच नाही, दादी भरवते.’ दोघेही खरे बोलत असतात. शाळेत भरवायला कोणी नाही, घरी दादीच्या हातात प्रेम आहे. एकत्र कुटुंबात हे फार होते, आणि दादीला तक्ता दाखवून बोलणारी सून आम्ही तरी पाहिलेली नाही. त्यापेक्षा दादीलाच नोंद ठेवायला सांगितलेले बरे. ज्या हाताला ‘हा’ आणि ‘स्व’ लिहायचे असते, तो हात जरा थांबतो.

मुलींची यादी

मुलगी असेल तर यादीतल्या काही ओळी तातडीच्या होतात, आणि त्यांवर घरात कोणी बोलत नाही. सलवारची नाडी स्वतः बांधणे आणि सोडणे, दार लावून कपडे बदलणे, पाळीत पॅड बदलून गुंडाळून टाकणे, कोणी नकोसा स्पर्श केला तर ‘नको’ म्हणणे आणि अम्मीला सांगणे. हे सगळे बारा पायऱ्यांच्या वुजूसारखेच तुकडे करून शिकवता येते. नऊ-दहाव्या वर्षी सुरुवात करावी, पाळी आल्यावर नव्हे. ‘हया’ म्हणून जे विषय टाळले जातात, ते टाळल्याने हया राखली जात नाही. मुलीला दुसऱ्याच्या हातावर सोपवावे लागते. नाडी जमतच नसेल तर इलॅस्टिक घालावे आणि ती ओळ यादीतून काढून वेळ दुसरीकडे द्यावा. प्रत्येक ओळ जिंकायचीच असे नसते.

मुलींना मोठ्या झाल्यावर घरी बसवतात, हेही इथे बोलायला हवे. कायद्याने चाळीस टक्क्यांवरच्या मुलाला किंवा मुलीला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. घराबाहेर पडता येत नाही इतके दिव्यांगत्व असेल तर समग्र शिक्षा योजनेत घरी येऊन शिकवण्याचीही तरतूद आहे. गटसाधन केंद्रात चौकशी करावी. मुलगी घरी आहे म्हणजे शिक्षण संपले, असे समजू नये.

शाळेकडे काय मागायचे

अमेरिकेत १९७५च्या कायद्याने अशा प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे आयईपी, लेखी करणे बंधनकारक केले. आपल्या २०१६च्या कायद्यात तो शब्द तसा नाही, पण सोळाव्या कलमात शाळांनी गरजेप्रमाणे वैयक्तिक साह्य द्यावे आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, प्रगती व शिक्षणाची पूर्तता यांवर लक्ष ठेवावे असे स्पष्ट म्हटले आहे. प्रगतीवर लक्ष ठेवायचे, तर आधी तो कुठे होता हे लिहिलेले पाहिजेच. तेव्हा ‘आमच्या मुलाचा आराखडा दाखवा’ हे म्हणणे उपकार मागणे नव्हे.

विशेष शाळांत आराखडे असतात. आपल्या राज्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी दिशा अभियानाचा अभ्यासक्रम आला आहे; मुंबईतल्या शिवडीच्या जय वकील संस्थेचा, म्हणजे १९४४पासून हे काम करणाऱ्या संस्थेचा, त्यात मोठा वाटा आहे. त्यात तपासणी, उद्दिष्टे आणि पुन्हा तपासणी एकमेकांना जोडलेली आहेत. अडचण साध्या शाळांची आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत एका वर्गात चाळीस-पन्नास मुले, विशेष शिक्षक कधीमधी येणार, आणि तो उर्दू जाणणारा असेलच असे नाही. वर्गशिक्षकांसाठी एनसीईआरटीची ‘प्रशस्त’ नावाची यादी आहे. तिने शंका तेवढी कळते, निदान होत नाही. काही शिक्षक तिच्यावरूनच मुलाला नाव ठेवून मोकळे होतात. त्याला पालकांनी ठाम हरकत घ्यावी.

अशा शाळेत चाळीस उद्दिष्टे मागू नयेत. तीन मागावीत. एक वर्गातले, एक मुलांबरोबर मिसळण्याचे, एक घरी आणि शाळेत दोन्हीकडे चालणारे. ती कोण, आठवड्यातून किती वेळा तपासणार ते लिहून घ्यावे. एप्रिलमध्ये सुट्टीपूर्वी आणि जूनमध्ये शाळा उघडताच तीच तीन कामे पुन्हा करवून पाहायला सांगावीत. या दोन आकड्यांतला फरक फार बोलका असतो. मे महिन्यात कुठले कौशल्य गळून पडते आणि कुठले टिकते हे त्यातून कळते, आणि पुढच्या उन्हाळ्यात घरी काय चालू ठेवायचे तेही.

मकतबमध्येही हे करता यावे, अशी आमची इच्छा आहे. हाफिजसाहेबांजवळ तीस मुले कायदा वाचत असतात, त्यात आपला एक मागे बसून झुलत असतो. ‘बसू द्या, सवाब आहे’ असे म्हणून त्याला ठेवतात. हा मोठेपणाच आहे, पण त्याला कुठली तीन अक्षरे ओळखता येतात हे कोणी लिहिलेले नसते. हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) दृष्टिहीन होते. ते काही शिकायला आले, त्या प्रसंगावर सूरह अबसाच्या सुरुवातीच्या आयती उतरल्या, हे आपल्या मुलांनाही पाठ असते. पुढे ते मदिनेत अजान देत, आणि प्रेषित (स.) मोहिमेवर गेले असता मदिनेचा कारभारही त्यांच्याकडे सोपवला गेला. मागच्या रांगेतल्या मुलाजवळ दिवसाला पाच मिनिटे आणि एक छोटी वही, एवढे मकतबला जमण्यासारखे आहे.

नोंदी ठेवताना एक जपावे. त्या मुलाची अमानत आहेत. पाळीची, फिट्सची, कपड्यांत शू होण्याची नोंद शाळेच्या किंवा खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. रडतानाचा व्हिडिओ तर नाहीच. डॉक्टरांना किंवा शिक्षकांना दाखवायचा तर समोर दाखवावा. आणि रोज उठून परीक्षा घेऊ नये. आठवड्यातून दोन-तीन दिवस लिहिले तरी पुरते. उरलेल्या दिवशी त्याला नुसते पाण्याशी खेळू द्यावे.

जुन्या वह्या रद्दीत देऊ नका. मूल अठराचे झाले, की स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांसह स्थानिक समिती असते. तिथे प्रमाणपत्र लागते, पण मुलाला काय काय स्वतः करता येते आणि कशात आधार लागतो, हे समितीला आणि पुढे ज्याच्या हाती मूल जाईल त्या भावाला किंवा बहिणीला त्या वह्याच सांगतात. कार्यशाळेत कामाला जायचे ठरले तर तिथल्या शिक्षकांना पहिल्या दिवशी द्यायलाही याहून चांगला कागद नाही. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर वर्ष, शाळा, चालू औषधे आणि घरची बोली एवढे लिहून ठेवावे.